झोळी पुण्याची, रेवडी गरिबाची

गाणगापुरात दुपारचे बारा वाजत आले की गल्लीबोळांतून एक वेगळीच वर्दळ सुरू होते. सकाळी एसी गाडीतून उतरलेली, लॉजवर गरम पाण्याने अंघोळ उरकलेली, चांगली खातीपिती माणसं खांद्याला झोळी अडकवतात आणि दारोदार हिंडू लागतात. माधुकरी. निदान पाच घरं मागायची असा दंडक. कुणी भाकरीचा चतकोर घालतं, कुणी मूठभर भात, कुणी चमचाभर शिरा. दत्तमहाराज रोज मध्यान्हीला कुठल्या तरी रूपात या गावात भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून मागणाऱ्याला नाही म्हणायची सोय नाही. मागणारा चार्टर्ड अकाउंटंट आहे की रस्त्यावरचा आंधळा, हे कुणी विचारत नाही. उत्पन्नाचा दाखला नको, आधार नको, अंगठा नको. या प्रथेशी माझं काही वाकडं नाही. तासभर का होईना, माणसाचा ताठा उतरतो. माझं भांडण आहे ते झोळी उतरवल्यानंतरच्या गप्पांशी.

झोळी खाली ठेवली, हात धुतले, लॉजच्या ओट्यावर बूड टेकलं की गप्पा सुरू. ‘या कर्नाटक सरकारने बायकांना फुकटाची चटक लावली हो. महिन्याला दोन हजार! मग कामाला येणार कोण?’ दुसरा लगेच री ओढतो, ‘आमच्याकडे तरी काय वेगळं? लाडकी बहीण. सगळा आमच्या टॅक्सचा पैसा.’ तिसऱ्याचा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो तिकडचे दाखले देतो. आणि नुकतंच पाच घरचं अन्न पोटात गेलेलं असतं! ज्या घरांनी ते वाढलं त्यातल्या एखाददुसऱ्या घरात त्याच दोन हजारांतून तांदूळ आलेला असतो, ही गंमत यांच्या ध्यानीमनी नसते.

मी याच तालुक्यात राहतो. घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दोन्हींची भेसळ. हा अफझलपूर तालुका, भीमेचा काठ. उत्तरेला थोडं सरकलं की महाराष्ट्र. डॉ. नंजुंडप्पा समितीने 2002 साली कर्नाटकातले अतिमागास म्हणून जे 39 तालुके काढले, त्यातले 21 एकट्या गुलबर्गा विभागातले होते. पुढे 2012 मध्ये घटनादुरुस्ती होऊन 371 (जे) कलम आलं, विकास मंडळ आलं, 2019 मध्ये हैदराबाद-कर्नाटकाचं ‘कल्याण कर्नाटक’ असं बारसंही झालं. बारसं थाटात झालं, एवढं कबूल. तूर काढून झाली, ऊस कारखान्याला गेला की तांड्यांवरची आणि वाड्यांवरची घरं अजून कुलपं लावून पुण्या-मुंबईला, हैदराबादला, बेंगळुरूला जातात. पुण्यात ज्या इमारतीच्या आठव्या मजल्यावर तुम्ही राहता तिचं सेंटरिंग कुणी केलं, हे एकदा बिल्डरला विचारून बघा. उत्तरात आमचा जिल्हा निघण्याची शक्यता बरीच आहे.

तर हे दोन हजार. गृहलक्ष्मी योजना, 30 ऑगस्ट 2023 रोजी मैसुरात सुरू झाली. रेशनकार्डावर जिचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून आहे तिच्या खात्यात महिन्याला दोन हजार रुपये. ती किंवा नवरा आयकर वा जीएसटी भरणारा नसावा. राज्यभरात सव्वा कोटीच्या आसपास बायका. आता हिशेब करा. महिन्याचे तीस दिवस धरले तर दिवसाला सहासष्ट-सदुसष्ट रुपये. घरात पाच माणसं धरली तर माणशी तेरा. एवढ्यात माणूस आळशी होतो म्हणे. तेरा रुपयांत आळशी होऊन दाखवणाऱ्याचा मी जाहीर सत्कार करायला तयार आहे. गुरुचरित्रात तिघांपुरता शिधा घेऊन आलेल्या भास्कर ब्राह्मणाने गुरुकृपेने हजारोंची पंगत जेवू घातली, ती कथा याच गावची. ती वाचताना भक्तांचे डोळे पाणावतात. तशीच पंगत दर महिन्याला घरात उठवणारी बाई समोर नारळ-फुलं विकत बसलेली असते. तिच्याशी मात्र यांची घासाघीस चालते, ‘वीसला दे, नाहीतर पुढच्या दुकानात जातो.’

संगमाच्या वाटेवर अशीच एक अक्का बसते. नवरा पुण्याकडे कामाला, धाकटी मुलगी शाळेत, सासू अंथरुणाला खिळलेली. दत्तजयंतीला, गुरुप्रतिपदेला, पौर्णिमेला धंदा. इतर दिवशी माशा वारायच्या. भीमेला पूर आला की तेही बंद. मी दिसलो की ती फोन पुढे करते. ‘अण्णा, पैशे पडले का बघ की जरा.’ मेसेज इंग्रजीत असतो. बहुतेक वेळा तो मोबाईल कंपनीचा निघतो. मी मान हलवतो. ‘बरं बरं. पुढच्या सोमवारी बघू,’ म्हणत ती फोन कमरेला खोचते. सोमवार तिनेच ठरवलेला, सरकारने नव्हे. सरकारने कुठलाच वार ठरवलेला नाही.

माझा खरा राग इथे आहे, पण त्याआधी ओट्यावरच्या मंडळींचा हिशेब चुकता करतो.

‘रेवडी’ हा शब्द 16 जुलै 2022 रोजी पंतप्रधानांनी बुंदेलखंडात जालौनच्या सभेत वापरला आणि तेव्हापासून तो सुशिक्षित तोंडांत इतका घोळला की त्यातले तीळ कधीच झडून गेले. त्याआधी तीन वर्षं, सप्टेंबर 2019 मध्ये, केंद्राने कंपन्यांवरचा कर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आणला. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचं उत्पन्न सोडावं लागेल, असं सरकारनेच सांगितलं होतं. गृहलक्ष्मी धरून कर्नाटक सरकारच्या पाचही ‘गॅरंटी’ योजनांची 2024-25 ची तरतूद सुमारे 52 हजार कोटी. पहिल्याला ‘प्रोत्साहन’ म्हणायचं, दुसऱ्याला रेवडी. कंपनीला सूट दिली की ती जोमाने कामाला लागते आणि बाईला दोन हजार दिले की ती झोपून राहते, हे मानसशास्त्र कुठल्या विद्यापीठात शिकवतात?

मग येतं दारूचं. ‘नवरे दारूत उडवतात हो.’ मध्य प्रदेशात 2011 पासून ‘सेवा’ या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रत्येक माणसाला दरमहा विनाअट रोख रक्कम देऊन पाहिली. दारूचा खप वाढल्याचं आढळलं नाही. खाणं सुधारलं, मुलांची शाळा सुधारली, लोकांनी शेळ्या घेतल्या, बियाणं घेतलं. हे अहवाल छापलेले आहेत, पण वाचायला वेळ कुणाला? शिवाय दारू पिऊन गाडी हाकत दर्शनाला येणाऱ्यांचे पगार बंद करा, असं मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

‘कामाला बाया मिळत नाहीत’ ही तक्रार मात्र खरी आहे, आणि ती ऐकली की मला आनंदच होतो. आमच्याकडच्या बड्या शेतकऱ्यांची ही नवी रडकथा. पूर्वी खुरपणीला बोलावलं की मिळेल त्या मजुरीवर बाई यायची, कारण संध्याकाळच्या पिठाचा प्रश्न असायचा. आता घरात चार दिवसांचं पीठ आहे, म्हणून ती विचारते, ‘किती देणार?’ बस, एवढंच झालंय. हा प्रश्न तिने विचारावा यासाठी तरी हे दोन हजार वसूल झाले असं मी समजतो. कमी मजुरीला नाही म्हणणं याला आळस म्हणत असतील, तर पगारवाढ मागणारा प्रत्येक कारकून आळशी ठरेल.

पुण्याच्या पाहुण्यांना आणखी एक आठवण द्यायला हवी. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा दोनशे रुपयांची कपात दिसते, फेब्रुवारीत तीनशेची. वर्षाचे अडीच हजार. व्यवसाय कर. तो 1975 मध्ये महाराष्ट्राने बसवला तो रोजगार हमीसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या आपल्या विसापुरात 1965 साली या कल्पनेचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि 1973 च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर रोज 50 लाखांच्या घरात माणसं खपत होती. पुढे 1977 चा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि त्याचा भार शहरातल्या पगारदाराने उचलायचा. असा सौदा शहर आणि खेडं यांच्यात या देशात पहिल्यांदा मराठी माणसाने घडवला. आज ओट्यावर बसून टॅक्सच्या नावाने गळा काढणाऱ्यांपैकी किती जणांच्या आज्या त्या कामांवर खडी फोडत होत्या, सुकडीसाठी रांगेत उभ्या होत्या? घराण्याचा इतिहास सांगताना ती खडी गाळली जाते. पेशव्यांचा कुणीतरी कारकून बरोबर आठवतो.

आणि टॅक्स तर अक्काही भरते. मोबाईलच्या रिचार्जवर 18 टक्के. त्याची पावती तिला कुणी देत नाही, म्हणून ती करदाती ठरत नाही, एवढंच.

असो. आता बेंगळुरूकडे वळतो.

या योजनेवर माझा आक्षेप ओट्यावरच्या मंडळींच्या बरोबर उलटा आहे. पैसे देता याबद्दल नाही. भीक घातल्यासारखे देता याबद्दल आहे. गृहलक्ष्मीच्या मागे विधानसभेने केलेला कायदा नाही, आहे तो सरकारी आदेश. हप्ता अमुक तारखेला मिळेल असं बंधन नाही. उशीर झाला तर व्याज नाही, भरपाई नाही, दाद मागायला जागा नाही. कधी दोन महिन्यांचे एकदम पडतात, कधी तीन महिने काही नाही. वाण्याची उधारी तारखेवर चालते, बचत गटाचा हप्ता वारावर चालतो, शाळेची फी सत्रावर चालते. एक सरकार तेवढं लहरीवर चालतं. डिसेंबर 2025 च्या बेळगाव अधिवेशनात तर महिला व बालकल्याण मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांना सभागृहात कबूल करावं लागलं की त्या वर्षीच्या फेब्रुवारी आणि मार्चचे हप्ते दिलेच गेले नाहीत. आधी मात्र ऑगस्टपर्यंतचे सगळे दिले असं सांगून झालं होतं. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी वाण्याकडे चालत नाही.

दोन महिने पैसे पडले नाहीत हे मंत्र्याला अधिवेशनात कळतं. आमच्या संगमावरच्या अक्काला ते मार्चमध्येच ठाऊक होतं. तिला विचारायचं होतं.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात त्यांच्यासाठी पैसा राखून ठेवायचा, असा कायदा 2013 मध्ये सिद्धरामय्या यांच्याच सरकारने केला. चांगला कायदा. पुढे 2023-24 मध्ये त्याच राखीव पैशातले 11 हजार कोटींहून अधिक रुपये गॅरंट्यांकडे वळवले गेले. युक्तिवाद असा की लाभार्थ्यांत दलित-आदिवासी आहेतच ना! म्हणजे वसतिगृहाचा, जमिनीचा, विहिरीचा पैसा काढायचा आणि जे सगळ्यांना मिळतंय तेच त्यांना त्यांच्या खिशातून द्यायचं. पंक्तीला बोलवायचं आणि शिधा घरून आणायला लावायचा. यावर ओट्यावर कधी चर्चा होत नाही. रेवडीवर तुटून पडणाऱ्यांना रेवडी कुणाच्या तिळाची हे बघायची उत्सुकता नसते.

तांदळाचंही तसंच झालं. अन्नभाग्य या रेशनच्या गॅरंटीतले जादा पाच किलो द्यायला 2023 च्या उन्हाळ्यात केंद्राने तांदूळ विकायला नकार दिला, म्हणून जुलैपासून किलोला 34 रुपयांप्रमाणे माणशी 170 रुपये खात्यात टाकायला सुरुवात झाली; फेब्रुवारी 2025 पासून पुन्हा तांदूळ. दिल्ली आणि बेंगळुरू यांच्या कुस्तीत बाईने कधी बँकेच्या रांगेत उभं राहायचं, कधी रेशनच्या, हे तिला न विचारता ठरत गेलं.

महाराष्ट्राने हसू नये. लाडकी बहीण जुलै 2024 मध्ये आली, निवडणूक नोव्हेंबरात होती. आचारसंहितेच्या आधी पुढच्या महिन्यांचेसुद्धा हप्ते खात्यात पडले, इतकी सरकारी तत्परता मी आयुष्यात पाहिली नव्हती. दीड हजाराचे एकवीसशे करू, हे वचन होतं. मतं मोजून झाल्यावर सरकारला अपात्रता दिसू लागली, आणि जुलै 2025 मध्ये 26 लाखांहून अधिक नावांचे पैसे थांबवल्याचं जाहीर झालं. त्यात पुरुषही सापडले म्हणे. सापडणारच. मतांआधी फॉर्म तपासायचा नाही असं ठरवलं की कुणीही सापडतं. पण त्या चाळणीत खरी गरजू किती गळाली? अक्कलकोटची लेक अफझलपुरात दिलेली, अफझलपूरची लेक अक्कलकोटात. नाव कुठल्या रेशनकार्डावर, आधार कुठल्या पत्त्यावर, बँक कुठल्या राज्यात! आमच्या सीमेवर अशा बाया घरोघर आहेत. इकडे म्हणतात तिकडे मिळत असेल, तिकडे म्हणतात इकडे मिळत असेल. बेळगाव कुणाचं यावर दोन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात भांडतात, या बायांवर मात्र कुणीच हक्क सांगत नाही.

आता काम. कारण हा पैसा कामाच्या जागी आहे असं मला वाटत नाही. धडधाकट माणसाला गावात काम आणि वेळेवर मजुरी; जिला घर, म्हातारी आणि पोर सोडून जाता येत नाही तिला रोख. दोन्ही हवं. आमच्या राजकारण्यांनी मात्र एक हात दाखवून दुसरा काढून घेतलाय.

बिदर आणि गुलबर्गा (आताचा कलबुर्गी) हे दोन्ही जिल्हे केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या पहिल्या 200 जिल्ह्यांत होते, फेब्रुवारी 2006 पासून. इकडे त्याला ‘उद्योग खात्री’ म्हणतात. त्या कायद्यात एक सुंदर कलम होतं: काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत दिलं नाही, तर पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव आणि नंतर किमान निम्मा बेकारी भत्ता द्यायचा. मजुरी पंधरा दिवसांत, उशीर झाला तर भरपाई. अडचणीच्या दिवसांपुरती रोख मदत, कायद्याने, तारखेसकट! गरिबाला सरकारवर व्याज लावता येतं, हे कुणीतरी कायद्यात लिहिलं होतं. मग हा भत्ता मिळालेला माणूस दाखवा म्हटलं तर सापडायची मारामार. का? कारण काम मागितल्याची तारीख घातलेली पोच हातात लागते, त्या दिवसापासून घड्याळ चालू होतं. म्हणून पोचच द्यायची नाही. ‘नाव लिहून घेतलंय, जा, फोन करू.’ नमुना 6 भरून, पोच घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून पंचायतीच्या दारात बसणारी बाई ही पंचायत विकास अधिकाऱ्याच्या लेखी दंगेखोर. मी एकदा एका पंचायतीत अशा चार बायांबरोबर बसलो होतो. पोच मिळाली, पण तारखेची जागा कोरी होती. ‘तारीख सर आल्यावर घालतील.’ सर अजून यायचे आहेत.

त्यात हजेरीला मोबाईल ॲप, दिवसातून दोनदा फोटो; माळरानावर रेंज नाही तर हजेरी नाही. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मजुरी नाही. कामावर देखरेख करणाऱ्या मुकादमाला कर्नाटकाने ‘कायक बंधू’ असं नाव दिलंय. श्रमाला पूजा मानणाऱ्या बसवण्णांचं कल्याण बिदर जिल्ह्यातच आहे, तेव्हा नाव मातीतलंच. बसवण्णांच्या कायकाची हजेरी मात्र नेटवर्कवर अवलंबून नव्हती.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने हा कायदाच मोडीत काढून नवा केला. शंभराचे 125 दिवस, म्हणून टाळ्या. बारीक अक्षरात मजुरीचा खर्च केंद्र 60 आणि राज्य 40, शिवाय पेरणी-कापणीच्या दिवसांत वर्षाचे 60 दिवस काम बंद ठेवायची सोय. हे साठ दिवस कुणासाठी, ते खुरपणीला बाया मिळत नाहीत म्हणून रडणाऱ्यांना विचारा. बाईने ‘किती देणार’ असं विचारू नये, याची तजवीज कायद्यात झाली. आणि ज्या राज्याला दोन हजारांचे हप्ते वेळेवर देता येत नाहीत ते मजुरीचे 40 टक्के कुठून आणणार? पुन्हा कुणाच्या तरी राखीव पैशातून?

न्यू जर्सीवाल्या मुलाच्या बापाला एक सांगायचं राहिलं. ते अभिमानाने सांगत होते, ‘तिकडे कसं, काम करा मगच मदत.’ बरोबर. अमेरिकेने 1996 मध्ये गरीब कुटुंबांची रोख मदत तात्पुरती केली, आयुष्यभरात मिळून पाच वर्षांची कमाल मर्यादा घातली, कामाची अट घातली. त्या कायद्यावर तिकडेही भरपूर टीका झाली आणि ती रास्त आहे. पण तिथे तो निदान कायदा आहे. अट मोडली तर पैसे बंद, असं बाईला सांगतात. अट पाळूनही दोन महिने पैसे पाठवायला विसरलो, असं सभागृहात सांगत नाहीत.

कुणी म्हणेल, या भागात दानधर्म थोडा आहे का? थोडा नाहीच. गाणगापुरात माधुकरी आणि अन्नदान, कलबुर्गीत शरणबसवेश्वरांचा दासोह, बंदेनवाजांच्या दर्ग्यात लंगर, बिदरला नानक झिऱ्याचा लंगर. शे-दीडशे किलोमीटरांत चार धर्मपरंपरांनी चार चुली पेटत्या ठेवल्यात, आणि एकाही चुलीवर केवायसी नाही. मला त्यांचा अभिमान आहे. पण त्या चुलीवर मुलीची फी भरता येत नाही, सासूचं औषध आणता येत नाही. आणि अक्काने जेवायला रोज कुणाच्या पंक्तीत का बसावं? तिची चूल तिच्या घरात आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गृहलक्ष्मीचा कायदा करा. महिन्याची तारीख त्यात लिहा. तारीख चुकली तर दिवसागणिक भरपाई लिहा, आणि त्यासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या निधीतला पैसा वळवता येणार नाही हेही लिहा. काम मागणाऱ्याला पोच न देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून बेकारी भत्ता कापा. परवडत नाही, असं उत्तर येईल हे मला माहीत आहे. त्या उत्तरासाठी एक नोंद काढून ठेवली आहे. ज्या 2025 च्या फेब्रुवारी-मार्चचे दोन-दोन हजार राहून गेले, त्याच मार्चमध्ये कर्नाटक विधानसभेने आमदारांचा मूळ पगार महिन्याला 40 हजारांवरून 80 हजार आणि मुख्यमंत्र्यांचा 75 हजारांवरून दीड लाख केला. गोंधळ चालू असताना, चर्चेविना, विधेयक मंजूर. तो पगार मात्र कायद्याने मिळतो, महिन्याच्या महिन्याला, आणि त्याला रेवडी म्हणायला ओट्यावरचं कुणीही पुढे आलेलं नाही.